लेकीच्या घरचं पाणी आणि माझी स्मरणशक्ती

मोगरा निवास, कुडवा (गोंदिया)
वार गुरुवार, असं सिस्टर म्हणते

रा. रा. केशोराव इवाई, मुक्काम नवेगाव, यांना चिचटोल्याच्या पुनाराम डोंगरवारचा वाकून रामराम. (वाकून म्हणजे कंबरच आता तशी राहिली आहे. मुलाचा बाप म्हणून मी तुमच्यापुढे कधी वाकलो नाही आणि आताही वाकलो असा अर्थ काढू नये.) इहीनबाईंचे गुडघे या थंडीत कसे आहेत? तुमचं धान चुरून झालं की पुंजणे अजून वावरातच उभे आहेत? तुमचं बीपी, तुमची म्हैस आणि तुमचा धाकटा, तिघांपैकी कोण ताळ्यावर आलं ते कळवावे. इकडे सर्व खुशाल आहे. सुभद्रा खुशाल आहे, हवा बरी आहे, जेवण उत्तम असतं असं ऐकतो. फक्त माझं डोकं गेलं आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, आणि येत्या रविवारी तुमचा जावई, म्हणजे आमचा अश्विन, मला नागपूरला एका ठिकाणी नेऊन ठेवणार आहे. तिथे विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात आणि दाराला बाहेरून कडी लावतात म्हणे. सुभद्रा मात्र इथेच राहणार. लग्न झाल्यापासून ही बाई माझ्यावाचून माहेरीसुद्धा फार दिवस राहिली नाही (भांडायला माणूस मिळत नाही म्हणून), आणि आता तिचा पलंग गोंदियाला अन् माझा नागपूरला. तेव्हा हे पत्र मन लावून वाचावे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन आला की स्पीकर लावता आणि अख्खी ओसरी ऐकते. मागे माझ्या मूळव्याधीची गोठ तुम्हाला एकट्याला सांगितली, तर पुढच्या बाजारात ओळखदेख नसलेल्या माणसानं मला सुरण खायचा सल्ला दिला. म्हणून टपालानं कळवून राहिलो. पत्र शुद्ध भाषेत लिहायला बसलो आहे, कारण इवायाला, म्हणजे शुद्ध भाषेत व्याह्याला, लिहिताना माणसानं तोल सांभाळावा असं आमचे वडील सांगून गेले. मधेच आपली बोली घुसली तर ती पेनाची चूक समजावी.

आता मुळापासून सांगतो. सुभद्रा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला, हे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज कसरत करून घ्या, नाहीतर बाई पलंगावरच राहील. गावात कसरत घेणारा मी एकटा. मी तिचा पाय धरला की ती ओरडे आणि सोडला की शिव्या देई. अश्विनचा नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर, आणि तिथली लिफ्ट चालू असल्याचं मी अजून पाहिलं नाही. मग अश्विननं मोबाईलवर शोधून ही जागा काढली. म्हणाला, बाबा, असिस्टेड लिव्हिंग आहे. मी म्हटलं, म्हणजे का? तो म्हणाला, म्हणजे जगायला मदत करतात. आतापर्यंत मी बिनमदतीनंच जगत आलो होतो, अशी काही सोय असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

इथे आल्यावर पहिला गोंधळ हा पडला, की मी इथे आहे तरी कोण. पेशंट म्हणावं तर मला काही झालेलं नाही. पाहुणा म्हणावं तर कोणी केव्हा निघता असं विचारत नाही. भाडेकरू म्हणावं तर साधी बादली उचलू देत नाहीत. संडासात धरायला दांडा, पलंगाला दांडा, व्हरांड्यात दांडा. बैलबंडी उधळल्यावर माणूस जसा धरून बसते तसं दिवसभर धरून राहायचं. पलंगाजवळ एक बटन आहे. ते लाईटचं समजून मी पहिल्याच दिवशी दाबलं, तर दोन सिस्टर आणि एक भाऊ धावत आले. इतकी माणसं आली म्हणून काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून मी त्यांना लाईट लावायला सांगितलं. सकाळी सगळ्यांना गोल बसवून हसायला लावतात. जोक कोणी सांगत नाही, नुसतंच हसायचं. मी विचारलं, कायले हसून राहिले, तर म्हणे तब्येतीसाठी. माझ्या शेजारच्या खोलीत इंद्रकुमार नावाचे रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब आहेत, हिंदी बोलतात. ते सगळ्यात मोठ्यानं हसतात आणि थांबल्याबरोबर रामायण झाल्यासारखं तोंड करून बसतात. दारात मोगऱ्याची कुंडी आहे, ती प्लास्टिकची आहे, आणि तिला रोज पाणी घालतात. हे मी का कोणाला सांगायचं?

तरी पहिले दोन दिवस मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू. चिन्नोरचा नवा भात, वरण, लाखोळीची भाजी. सुभद्राला कसरत शिकवायला एक पोरगी येते, तिच्यापुढे ती एक शब्द बोलत नाही, मुकाट पाय हलवते. मला वाटलं, चला, म्हातारपण मार्गी लागलं. तिसऱ्या दिवशी या घराची मालकीण रायपूरहून परत आली. हे उमेंद्र नावाच्या माणसाचं राहतं घर, खाली आम्ही म्हातारे, वर ते दोघं, आणि रांधायची जागा सगळ्यांची एकच. ती आली आणि सरळ माझ्या पाया पडली. म्हणाली, बाबाजी, ओळखलं नाही का? मी नीतू. चिचटोल्याच्या दुर्गाप्रसादची.

इवाई, माझ्या हातात चहा होता. तो मी न पिता खाली ठेवला. दुर्गाप्रसाद म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याच्या या पोरीच्या लग्नात तो स्वतः तापानं फणफणला होता आणि बायको त्याची आधीच वारलेली, म्हणून तिचं कन्यादान मी आणि सुभद्रानं केलं. नवरदेवाचे पाय मी धुतले. (तुम्ही म्हणाल, मग उमेंद्रला काऊन ओळखलं नाही? अहो, मांडवात त्याच्या तोंडावर फुलांच्या माळा होत्या. मी पाहिले ते पायच. पाय दाखवले असते तर मी हजारात ओळखले असते, पण तो घरभर बूट घालून फिरते.) म्हणजे मी ज्या घरी लोळत पडून चिन्नोरचा भात खाऊन राहिलो, ते माझ्या लेकीचं घर निघालं. आणि तिला अजून पोर नाही.

आता रीत तुम्हाला मी काय सांगावी. ज्या घरी लेक दिली त्या घरचं पाणी बापानं पिऊ नये, तिच्या मांडीवर पोर खेळेपर्यंत तरी नाही. तुमच्याएवढी ही रीत कोणी पाळली नसेल. शामकला आमच्या घरी सून म्हणून आली तेव्हापासून तुम्ही आमच्या ओसरीवर यायचे, खाटेवर बसायचे, आणि तांब्या पुढे केला की असा चेहरा करायचे की जसं आताच विहीर पिऊन आलात. शुभम झाला तरी नाही. सोनू झाली तरी नाही. आम्ही घरात हसायचो, हे आता सांगतो. आता मी हसत नाही. देवानं मला मुलाच्या बापाच्या पाटावरून उठवून तुमच्या पाटावर आणून बसवलं आहे, आणि हा पाट भल्ला टोचते.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं सरळ. पण हे सांगायचं नसतं, हेही तुम्हालाच माहीत. लेकीच्या तोंडावर तुझं पाणी चालत नाही असं कोणता बाप म्हणते? आपण बहाणा करायचा, तिनं समजून घ्यायचं, आणि दोघांनी काही झालं नाही असं दाखवायचं. ही रीत दोन घटका भेटायला आलेल्या माणसासाठी आहे. बाप सामानसुमान घेऊन तिथेच राहायला आला तर काय करायचं, याची तजवीज आपल्या पूर्वजांनी केलेली नाही. त्यांनी तलाव बांधले, त्यांना मातीच्या पाळी घातल्या, पण या एका गोष्टीचा त्यांनी विचारच केला नाही.

तेव्हा मी आपला नेहमीचा बहाणा केला. दुपारी ताट आलं, मी म्हटलं, आताच जेवलो. गावात हे म्हटलं की समोरचा दोनदा आग्रह करते आणि सोडून देते. इथे सिस्टरनं माझ्याकडे निरखून पाहिलं, गोड आवाजात विचारलं, कुठे जेवलात बाबा? कोणासोबत? काय काय होतं? मी भांबावलो. कोणत्याही सभ्य माणसानं हे विचारू नये. मी म्हटलं, वरण-भात. रात्री पुन्हा ताट आलं, पुन्हा मी म्हटलं, आताच जेवलो. मला काय माहीत, की या धंद्यात जो म्हातारा न जेवता जेवलो म्हणते, त्याच्या डोक्यात भुंगा लागला असं समजतात. घरी जो बहाणा, तो इथे बिमारी.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून म्हटलं, आज उपास आहे. सोमवारचा. सिस्टर म्हणाली, बाबा, आज बुधवार आहे. मी म्हटलं, नाही, सोमवारच. (आता बुधवार म्हणालो असतो तर उपास मोडला असता आणि ती ताट घेऊन आली असती.) झालं, मला वारही आठवत नाहीत असं ठरलं. मग इंद्रकुमारांचा बर्थडे आला, केक कापला, नीतू स्वतः तुकडा घेऊन आली. मी म्हटलं, मला साखर आहे. तेव्हापासून रोज बोटाला सुई टोचून राहिले. साखर काही निघत नाही, आणि निघत नाही तर मी आहे असं काऊन म्हटलं, हेही माझ्या बिमारीतच लिहून घेतलं.

मग मी जगतो कशावर, असं विचाराल. सकाळी फिरायच्या नावानं फाटकाबाहेर पडतो. चौकात मारुतीच्या देवळाजवळ सरकारी हापशी आहे, तिथे बाटली भरतो, कोपऱ्यावरच्या टपरीत पोहे खातो, येताना मुरमुरे, फुटाणे आणि केळी घेतो. त्यावर दिवस काढतो. हे गुपचूप करावं लागते, तर त्याचंही नाव पडलं. बाबा न सांगता बाहेर भटकतात. पलंगावरची चादर बदलताना उशीच्या खोळीत फुटाणे सापडले, तेव्हा म्हणे बाबा वस्तू लपवतात. सिस्टरनं मला विचारलं, हे इथे कोणी ठेवलं? मी म्हटलं, मला आठवत नाही. इवाई, या वेळी मात्र मी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

मग डॉक्टर आणले. तरुण आहे, बोलायला चांगला आहे. त्यानं मला आंबा, खुर्ची आणि चावी असे शब्द सांगितले आणि म्हणाला, लक्षात ठेवा, मी नंतर विचारतो. मला वाटलं बिचाऱ्याला हव्या आहेत. खुर्ची मी लगेच व्हरांड्यातून आणून दिली, आंब्याचा हंगाम नाही असं सांगितलं, आणि चावी कोणत्या खोलीची ते विचारलं. मग म्हणाला, घड्याळ काढा. मी हातातलं काढून दिलं. तो कागद पुढे करून म्हणाला, कागदावर. मी कागदावर ठेवलं. शेवटी विचारलं, आज वार कोणता? दारात सिस्टर उभी होती, त्या बुधवारी मी तिच्यापाशी सोमवार म्हणून हटून बसलो होतो. शब्दाला जागायचं म्हणून मी त्याच हिशेबानं दोन दिवस मागे मोजून मंगळवारला म्हटलं, रविवार. डॉक्टरनं मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या पाण्यासोबत घ्यायच्या. पाणी त्याच घरचं. म्हणून त्या सगळ्या मी प्लास्टिकच्या मोगऱ्याला देऊन राहिलो.

त्या संध्याकाळी अश्विनचा फोन आला. आवाज असा, की जसं मी आजच मेलो आणि मला ते अजून कळवायचं आहे. म्हणाला, बाबा, तुम्ही काही काळजी करू नका, नागपूरला खूप चांगली जागा आहे, तिथे अशाच लोकांची विशेष व्यवस्था असते. मी म्हटलं, कशा लोकांची? तो म्हणाला, तुमच्यासारख्या. मी म्हटलं, आणि तुझी आई? तर म्हणे आईला इथे आराम पडून राहिला आहे, तिला हलवायचं नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. मला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण अश्विनला सांगितलं की तो शामकलाला सांगणार, ती नीतूला फोन करणार, आणि नीतू तोंडात पदर धरून रडणार. लेकीला रडवून बापानं शहाणं ठरण्यापेक्षा येडं ठरलेलं बरं, असं मी ठरवलं. मग फोन ठेवल्यावर समजलं, की या हिशेबात माझी बायको हातची जाऊन राहिली.

सुभद्राचं म्हणाल तर तिनं कन्यादान माझ्यासोबतच केलं, पाण्याची धार तिनंच सोडली होती. तरी ती दोन्ही वेळा दाबून जेवते. मी तिला हळूच बोललो, अगं, लेकीचं घर आहे. ती म्हणाली, हाड जुळेपर्यंत मी कोणाची माय नाही, मी पेशंट आहे. वर म्हणाली, जलमभर तुमाले वाढून देल्लं, आता मले कोणी ताट वाढून देऊन राहिलं तर तुमाले रीत आठवली का? मी चालल्याशिवाय येथून हालत नाही, तुमाले उपाशी मराचं असंन तर मरा, पण माझ्या डोळ्यासमोर मरा, नागपूरले जाऊन नोको. असं म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. काल ती चाकाच्या काठीवर हात ठेवून दारापर्यंत चालली आणि तिथून माझ्याकडे पाहून हसली. मी कसा जाऊ, सांगा.

इंद्रकुमारांना मी सगळं सांगितलं, कारण ते आपल्यातले नाहीत. ते म्हणाले, अरे भाई, पैसा भरते हो, होटल समझो. मी त्यांना समजावलं की पैसे अश्विन भरते, पाणी मी पितो, आणि हॉटेलवाल्याचे पाय कोणी धुतलेले नसतात. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, तो फिर नागपुर ही ठीक है.

तेव्हा इवाई, तुमच्याशिवाय मला दुसरा आधार नाही. इतकी वर्षं तुम्ही आमच्या घरी पाणी न पिता, कोणाला न दुखवता, आणि डोकं ठिकाणावर आहे असा लौकिक राखून कसे राहिलात? तुमचे बहाणे कोणते होते? एक मला आठवते, दात दुखून राहिला आहे हा. पण माझे दात सिस्टर स्वतः घासून ठेवते, तिला माहीत आहे की दुखायला तोंडात काही नाही. तुमच्या अनुभवातले चांगले, मजबूत, डॉक्टरपुढे टिकतील असे बहाणे उलट टपाली रविवारच्या आत पाठवावे. सोबत अजाणता प्यालेल्या दोन दिवसांच्या पाण्याचं काय करायचं तेही लिहावे. थोड्या लिहिल्यावरून जास्त समजून घ्यावे, कारण जास्तच लिहून झालं आहे. इहीनबाईंना रामराम, म्हशीच्या पाठीवर हात.

तुमचा, सध्या कोण ते नक्की नसलेला,
पुनाराम डोंगरवार

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे लिहून राहिलो. बहाणे पाठवू नका. आज दुपारी नीतू पाण्याचा गिलास घेऊन माझ्या खोलीत आली आणि खाली फरशीवर बसली. सुभद्रानं तिला सगळं सांगून टाकलं होतं, पण ती म्हणाली, काकीनं सांगाच्या आधीच मले समजलं होतं, तुमच्या हातात हापशीची बाटली पाहून. माझा बाप बी तशीच घेऊन येते. दारातच उभा राहते, म्हणते आताच पाणी पेऊन आलो. म्हणते, तुले पोर होऊ दे, मंग पेतो. मग तिनं गिलास फरशीवर ठेवला. नंतर खाली पाहून म्हणाली, बाबाजी, डॉक्टरनं आमाले सांगतलं, पोर होणार नाही. मंग मी जलमभर आपल्या बापाले पाणी देऊच नोको का? इवाई, तुम्हाला माहीत आहे, चिचटोल्याच्या तलावाचं पाणी अख्खी हयात मी वाटलं. कोणाच्या बांधीत आधी आणि कोणाच्या मागून, यावरून लोकांनी माझ्यावर काठ्या उगारल्या, पण कोणाचं वावर मी कोरडं राहू दिलं नाही. आणि ही पोरगी आमच्या भिंतीपलीकडे वाढलेली, तिच्या घरी सगळी म्हातारी माणसं येतात, पाणी घेता का म्हणून ती सगळ्यांना विचारते, आणि सुभद्रा सोडली तर तिच्या गावचा एकही माणूस हो म्हणत नाही. मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही. मी गिलास घेतला आणि प्यालो, आणि दुसरा मागितला. ती उठून गेली ती किती वेळ आलीच नाही, मग लाल डोळे घेऊन पाणी आणि ताट दोन्ही घेऊन आली. तिनं अश्विनला फोनही केला, की बाबाजी कुठेच जाणार नाहीत, ते काकीजवळच राहतील.

ता. क. दुसरा. मी दोन वेळा भात मागून घेतला हे सिस्टरनं डॉक्टरला कळवलं. डॉक्टर खूश झाला. म्हणाला, गोळी लागू पडली, आता बंद करू नका. म्हणून मोगऱ्याचा इलाज चालू आहे. अश्विन रविवारी येतच आहे, मला न्यायला नाही, नुसतं पाहायला. शामकला सोबत आहे, ती घरून सगळ्यांसाठी जेवण करून आणणार आहे.

ता. क. तिसरा, आणि हे खरं काम. रविवारी सकाळी तुम्ही गाडी करून आधी चिचटोल्याला जा आणि दुर्गाप्रसादला सोबत घेऊन इकडे या. लेकीकडे जेवायला चल म्हटलं तर तो येणार नाही, म्हणून त्याला सांगा की पुनाराम फार बिमार आहे. इथे पंगतीत त्याला तुमच्या आणि माझ्या मधे बसवू. पण मी आणि सुभद्रा पाणी प्यालो तरी तो म्हणेल, तुमची गोठ वेगळी आहे, तुमची ती सख्खी लेक नाही. तेव्हा त्याच्या देखत तुम्हाला आधी शामकलाच्या हातचं पाणी प्यावं लागेल. ती तांब्या घेऊन पुढे आली की तुम्ही कुठलाच चेहरा करू नका, नुसता हात पुढे करा. तुमचा नातू मिशी कोरून फिरून राहिला आहे, आता कशाची वाट पाहता? मी एकट्यानं केलं तर बाटलो म्हणतील, तिघांनी केलं तर तीच रीत होईल. आणि दुर्गाप्रसादनं गाडीत विचारलंच, की पुनारामाला झालं तरी काय, तर जो तो इथे म्हणते तेच सांगा. म्हणा, त्याला आता काहीच आठवत नाही. रीतसुद्धा विसरला.